अबाबुआ : तीन भाषाकुळांच्या सीमेवरचा समाज

काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात ऊएले नावाची मोठी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि याकोमा येथे म्बोमू नदीला मिळून उबांगी हे नाव धारण करते. तिच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर रुबी आणि लिकाती या नद्यांचे पाणी इतिम्बिरी नदीतून थेट काँगो नदीकडे जाते. या दोन जलप्रवाहांच्या मधल्या टापूत, म्हणजे विषुववृत्तीय दाट जंगल विरळ होत जाऊन गवताळ प्रदेशाला जागा देते त्या पट्ट्यात, अबाबुआ हा समाज राहतो. बुटा, आकेती आणि बाम्बेसा हे त्यांच्या वस्तीचे मुख्य तालुके म्हणता येतील. २०१५ साली जुन्या ओरिएंताल प्रांताचे विभाजन झाल्यापासून हा भाग बा-ऊएले या प्रांतात मोडतो आणि बुटा हे त्याचे मुख्य ठिकाण आहे.

या समाजाविषयी वाचू लागणाऱ्याची पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. अबाबुआ, अबाब्वा, बाबुआ, बाबोआ, बोआ, ब्वा अशी अनेक नावे वेगवेगळ्या लेखनात आढळतात आणि ती सर्व याच लोकांची आहेत. भाषेची नावेही तशीच अनेक आहेत : लेबोआ, लिबुआ, लिब्वाली, किबुआ. याउलट, नाव सारखे असूनही ज्यांचा काहीही संबंध नाही असे समाजही आहेत. बुर्किना फासो आणि माली या पश्चिम आफ्रिकी देशांत ब्वा नावाचा एक समाज असून त्याचे उंच फळीसारखे मुखवटे जगभर प्रसिद्ध आहेत. चाड या देशात बुआ नावाचा एक भाषागट आहे. संग्रहालयांच्या सूचींत आणि आंतरजालावरील चित्रांत या तिघांची सरमिसळ इतक्या वेळा होते, की ब्वा असे लिहिलेले दिसले की आधी देश कोणता हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

नाव कोणी दिले

अबाबुआ या रूपातच या समाजाच्या इतिहासाचा एक तुकडा अडकलेला आहे, म्हणून त्याची फोड करून पाहणे उपयोगी ठरते. मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या बांटू कुळातील भाषांत माणसांचे अनेकवचन शब्दाच्या सुरुवातीला 'बा' किंवा त्याचे एखादे भावंडरूप लावून होते. खुद्द 'बांटू' या शब्दातील 'बा' हाच आहे. त्याचा अर्थ 'माणसे', आणि १८६२ साली विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने संपूर्ण भाषाकुळाला ते नाव दिले. त्यानुसार 'बा-बुआ' हे सरळ अनेकवचन झाले. पण उत्तरेकडच्या अझांडे लोकांच्या भाषेत अनेकवचनासाठी शब्दाच्या आरंभी 'अ' लागतो : एक झांडे, अनेक अझांडे. झांडे भाषकांनी शेजाऱ्यांचे नाव ऐकले, 'बाबुआ' हा त्यांना एकसंध शब्द वाटला आणि त्यावर त्यांनी आपला 'अ' चढवला. एकाच शब्दावर एकमेकांना परक्या अशा दोन व्याकरणांची दोन अनेकवचने बसली आहेत.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवासी सुदानच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडून, ऊएलेच्या खोऱ्यात उतरले. त्यांचे वाटाडे आणि दुभाषे बहुधा झांडे प्रदेशातून आलेले असत. त्यामुळे नकाशांवर अझांडे, अबारांबो, अमाडी, अबांडिया आणि अबाबुआ अशी 'अ'ने सुरू होणारी नावांची रांगच लागली. दक्षिणेकडून, काँगो नदीच्या मार्गाने आलेल्यांनी मात्र 'बा'ने सुरू होणारी रूपे ऐकली. आज अभ्यासक बहुधा 'बोआ' किंवा 'ब्वा' असे उपसर्गाविना लिहितात. या लेखात समाजासाठी जुने प्रचलित 'अबाबुआ' आणि भाषेसाठी 'ब्वा' असे वापरले आहे.

या नावाखाली एकच एकजिनसी गट आहे असे मात्र समजू नये. बायेऊ, मोबाती, मोंगांझोलो, बारिसी अशी अनेक पोटनावे आजही प्रशासकीय सरदारक्यांच्या नावांत टिकून आहेत, आणि सामान्य माणसाची रोजची ओळख पुष्कळदा 'अबाबुआ' या मोठ्या नावापेक्षा या लहान नावांशी अधिक जोडलेली असते. अबाबुआ हे मोठे नाव आधी शेजाऱ्यांनी आणि पुढे वसाहतीच्या कचेरीने पक्के केले, असे माझे मत आहे. त्याचा अर्थ ते खोटे आहे असा नाही, पण ते बाहेरून पाहणाऱ्याच्या सोयीचे आहे एवढे लक्षात ठेवावे.

भाषा कशी आहे

बांटू भाषांची संख्या पाचशेच्या आसपास धरली जाते. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सीमेजवळच्या प्रदेशातून सुमारे चार ते पाच हजार वर्षांपूर्वी त्यांचा प्रसार सुरू झाला, याविषयी आज अभ्यासकांत बरेच एकमत आहे. या विशाल क्षेत्राची उत्तर सीमा ज्या भागातून जाते त्यांतील एक भाग म्हणजे अबाबुआंचा प्रदेश. त्यांच्या उत्तरेला झांडे आणि ङ्बांडी यांसारख्या उबांगी गटाच्या भाषा आहेत. पूर्वेला मांगबेतू आणि तिची मकेरेसारखी भावंडे आहेत, ज्यांचा समावेश मध्य सुदानी गटात होतो. दक्षिणेला आणि पश्चिमेला बांटू भाषा आहेत. एकमेकींशी नाते नसलेली किंवा असलेच तर फार दूरचे असलेली तीन कुळे इथे अगदी शेजारी नांदतात, आणि ब्वा भाषेचा स्वभाव समजून घ्यायचा तर हे शेजार आधी समजून घ्यावे लागते.

बांटू भाषांचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे नामांचे वर्ग. मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नाही. आपण 'मुलगा आला', 'मुलगी आली', 'मूल आले' असे म्हणतो तेव्हा नामाच्या लिंगानुसार क्रियापद बदलते, विशेषणही बदलते. बांटू भाषांत असे गट तीन नसून दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक असतात, त्यांचा स्त्री-पुरुष भेदाशी संबंध नसतो, आणि गटाची खूण शब्दाच्या शेवटी नव्हे तर सुरुवातीला येते. स्वाहिलीतले उदाहरण सोपे आहे : 'म्तोतो म्झुरी' म्हणजे चांगले मूल, 'वातोतो वाझुरी' म्हणजे चांगली मुले, 'किताबु किझुरी' म्हणजे चांगले पुस्तक, 'विताबु विझुरी' म्हणजे चांगली पुस्तके. मूळ शब्द तोच राहतो, पुढची खूण बदलते आणि ती खूण विशेषणालाही लागते. गंमत अशी, की 'किताबु' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या आरंभीचा 'कि' मुळात धातूचाच भाग होता, पण स्वाहिलीने त्याला आपल्या 'कि' वर्गाची खूण मानून अनेकवचनात 'विताबु' करून टाकले. झांडे भाषकांनी 'बाबुआ'ला 'अ' लावला त्याच्या जवळची ही घटना आहे : दोन्ही ठिकाणी परक्या शब्दाच्या आतली रचना न ओळखता त्याला आपल्या व्याकरणात बसवले गेले.

ब्वा भाषेच्या नावांतील 'ले', 'लि' आणि 'कि' हेही असेच वर्गोपसर्ग आहेत. काँगोतील लिंगाला या भाषेच्या नावातला 'लि' आणि किस्वाहिली या नावातला 'कि' त्याच जातीचे.

आता सीमेवर काय होते ते पाहू. या उत्तर पट्ट्यातील काही बांटू भाषांत नामवर्गांची ही यंत्रणा सैल झालेली दिसते. कोमो आणि बिला या भाषांत विशेषणाने आणि क्रियापदाने नामाच्या वर्गाशी जुळण्याचा नियम जवळजवळ लोपला आहे. पूर्वी अशा भाषांना 'उपबांटू' असे संबोधले गेले होते. हा शब्द मला पटत नाही, कारण त्यात कमीपणाची छटा आहे. भाषा सीमेवर राहिली, तिच्या भाषकांनी इतर कुळांतील भाषाही बोलल्या, आणि त्या व्यवहारात व्याकरणाचे काही नियम गळून पडले. यात उतरंड लावण्यासारखे काही नाही. ब्वा ही याच शेजारातली भाषा असल्याने तिच्याकडे पाहताना स्वाहिलीचा नमुना मापदंड म्हणून वापरणे योग्य नाही.

ध्वनींच्या बाबतीत शेजाराचा परिणाम अधिक स्पष्ट ऐकू येतो. ऊएलेच्या खोऱ्यात 'क्प' आणि 'ग्ब' हे ध्वनी सर्वत्र आढळतात. लिहिताना ते जोडाक्षरासारखे दिसतात, पण उच्चारताना 'क' आधी आणि 'प' नंतर असे होत नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला आणि दोन्ही ओठ एकमेकांना एकाच क्षणी चिकटतात आणि एकाच क्षणी सुटतात. मराठी माणसाला हा ध्वनी पहिल्या प्रयत्नात 'प' किंवा 'ब' असाच ऐकू येतो. दक्षिणेकडच्या बहुतेक बांटू भाषांत हे ध्वनी नाहीत, उबांगी आणि मध्य सुदानी भाषांत मात्र ते नित्याचे आहेत, आणि ब्वा भाषेतही ते आहेत. जंगलाच्या उत्तर कडेने हे ध्वनी कुळांच्या सीमा न मानता पसरलेले आहेत. सगळेच गुण असे पसरत नाहीत, हेही तितकेच लक्षवेधी आहे. मांगबेतू भाषेत दोन्ही ओठ थरथरवून काढायचा एक व्यंजनध्वनी आहे. झांडे भाषेत सर्वनामांचे पुरुष, स्त्री, प्राणी आणि निर्जीव वस्तू असे चार गट आहेत. ही वैशिष्ट्ये शेजाऱ्यांनी सरसकट उचलली नाहीत. कोणता गुण सीमा ओलांडतो आणि कोणता नाही, हा या प्रदेशाच्या भाषाभ्यासातला खरा कुतूहलाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे सूर. बहुसंख्य बांटू भाषांप्रमाणे ब्वा ही सुरांची भाषा आहे. उच्चाराचा चढ-उतार बदलला की अर्थ बदलतो. या भागात सर्वत्र बोलल्या जाणाऱ्या लिंगालातून उदाहरण देता येते. 'मोतो' या शब्दाचे दोन्ही अवयव खालच्या सुरात म्हटले तर अर्थ 'माणूस' होतो, आणि दुसरा अवयव वरच्या सुरात नेला तर 'डोके' होतो. ओकार थोडा उघडा करून पहिला अवयव चढवला, की 'आग'. कानाला सवय नसलेल्या पाहुण्याने केलेल्या शब्दसंग्रहांत असे शब्द एकाच रूपात नोंदले जातात, आणि ऊएलेच्या भाषांचे जुने शब्दसंग्रह वापरताना हा दोष सतत लक्षात ठेवावा लागतो.

सूर अर्थ वाहून नेतात म्हणूनच लाकडी ढोल 'बोलू' शकतो. जाड ओंडक्याला वरून अरुंद फट पाडून तो आतून पोखरायचा, फटीच्या दोन कडांची जाडी कमीजास्त ठेवायची, म्हणजे एका कडेवर मारल्यास उंच आणि दुसरीवर मारल्यास खालचा आवाज निघतो. उत्तर काँगोत अशा ढोलांवरून निरोप पाठवण्याची पद्धत होती. तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो अबाबुआंच्या दक्षिणेला, काँगो नदीकाठच्या लोकेले समाजात, आणि तो केला जॉन कॅरिंग्टन या इंग्रज मिशनऱ्याने. त्याने दाखवून दिले, की ढोलावर फक्त सूर वाजतात, स्वर आणि व्यंजने हरवतात. त्यामुळे सारख्याच सुरांचे अनेक शब्द एकमेकांत मिसळू शकतात. यावर उपाय म्हणून ढोलवाले एका शब्दाऐवजी ठरलेली लांबलचक शब्दावली वाजवतात. 'चंद्र' असे न म्हणता 'पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र' असे वाजवले, की सुरांची ती लांब माळ दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी जुळत नाही आणि घोटाळा टळतो. याच लोकेले भाषेत 'लिसाका' हा शब्द सूर बदलून डबके, वचन आणि विष असे तीन अर्थ देतो, हेही कॅरिंग्टननेच नोंदवले आहे.

वर्गीकरणाविषयी थोडक्यात. माल्कम गथ्री या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने बांटू प्रदेशाचे अक्षरांनी विभाग पाडले आणि प्रत्येक भाषेला क्रमांक दिला. ब्वा भाषेला 'सी ४४' हा क्रमांक मिळाला. बाती आणि आंग्बा या तिच्या जवळच्या भाषा अनुक्रमे 'सी ४३' आणि 'सी ४५' अशा तिच्या आजूबाजूला बसतात. हे क्रमांक पत्त्यासारखे आहेत, वंशावळीसारखे नाहीत. नंतरच्या अभ्यासांत ब्वा भाषेचे नाते 'डी' विभागात नोंदल्या गेलेल्या बाली, कोमो, बिरा यांसारख्या पूर्वेकडच्या भाषांशी जोडले गेले आणि त्या गटाला 'बोआन' असे नाव पडले. जुने क्रमांक सोयीसाठी अजून वापरात आहेत, इतकेच.

घर, कूळ आणि युद्ध

अबाबुआंचा एक राजा कधीच नव्हता. पूर्वेला मांगबेतूंचे दरबारी राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाबियेंबाली या शासकाने ते उभारले. उत्तरेला झांडे समाजावर आवुंगारा घराण्यातील राजपुत्रांची सत्ता होती. प्रत्येक राजपुत्र नवा मुलूख जिंकून तेथे आपले आसन मांडत असे, आणि त्यामुळे झांडे सत्ता सतत दक्षिणेकडे व पश्चिमेकडे सरकत राहिली. वायव्येला, बोंडो या गावाच्या बाजूला अबांडिया घराण्यांची सत्ता होती. या तीन बाजूंच्या दाबात अबाबुआंची रचना वेगळीच होती. एका वडीलधाऱ्या कर्त्या पुरुषाभोवती त्याचे भाऊबंद, बायका, मुले, आश्रित आणि युद्धात पकडलेली माणसे मिळून एक मोठे घर बने; अशी काही घरे मिळून एक गाव; आणि गावे गरजेपुरती एकत्र येत. वारसा पित्याकडून चाले आणि लग्न आपल्या कुळाबाहेर करावे लागे.

यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने विषुववृत्तीय जंगलातल्या समाजांचा प्राचीन इतिहास प्रामुख्याने शब्दांच्या तुलनेवरून रचला, आणि घर, गाव व गावांचा संघ या तीन पातळ्या तेथील राज्यव्यवस्थेचा मूळ साचा होत्या असे मांडले. त्या मांडणीत पुढारीपण जन्मावर तितके अवलंबून नसते; माणसे गोळा करून ठेवण्याच्या, वाटण्याच्या आणि लढण्याच्या कुवतीवर अवलंबून असते. अबाबुआंचा समाज या साच्यात चांगला बसतो. ज्या समाजाला एक राजधानी नाही त्याचा पराभव एका लढाईत करता येत नाही, आणि झांडे विस्ताराच्या तडाख्यात आजूबाजूचे कित्येक समाज भाषेसकट झांडे होऊन गेले असता अबाबुआंची भाषा टिकली, यामागे ही विखुरलेली रचना हे एक कारण असावे असे मला वाटते. झांडे समाज हा नाना मुळांच्या लोकांच्या मिसळणीतून बनला आहे, हे इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात तपशीलवार दाखवले होते. अबाबुआंच्या काही शाखाही त्यात विरघळल्या, पण सर्व नाही.

कुळाबाहेर लग्न करण्याच्या नियमाचा भाषेशी थेट संबंध आहे. सीमेवरच्या गावांत सुना शेजारच्या, कधी कधी परक्या भाषेच्या गावांतून येत. मुले आईची भाषा ऐकत आणि बापाची भाषा आपली म्हणून बोलत. मघाशी ध्वनींच्या देवाणघेवाणीविषयी जे म्हटले, ते प्रत्यक्षात घडण्याची ही एक साधी वाट आहे. विवाहाच्या वेळी मुलीच्या घरी द्यायच्या वस्तूंत ऊएलेच्या खोऱ्यात सर्वत्र लोखंडी भाले आणि पाती असत. लोहार आणि त्याची भट्टी यांना त्यामुळे समाजात मोठे महत्त्व होते. अन्न मुख्यतः केळीच्या भाजीच्या जातींचे, कसाव्याचे आणि तेलमाडाचे. जोडीला शिकार आणि मासेमारी. जंगल तोडून, जाळून, काही हंगाम पीक घेऊन जमीन मोकळी सोडण्याची पद्धत असल्याने गावे अधूनमधून जागा बदलत.

बाहेरच्या जगाला अबाबुआ माहीत आहेत ते त्यांच्या मुखवट्यांमुळे. संख्येने ते फार नाहीत, पण एकदा पाहिल्यावर विसरत नाहीत. लंबगोल लाकडी चेहरा, त्याचे काळ्या आणि पांढऱ्या रंगांत विभागलेले भाग, उघडे तोंड, त्यात दिसणारे दात, आणि दोन्ही बाजूंना तबकडीसारखे बाहेर आलेले, भोके पाडलेले गोल कान. पांढरा रंग पांढऱ्या मातीचा असतो. कानांचा हा आकार कलाकाराच्या लहरीतून आलेला नाही; मोठे केलेले, छिद्र पाडून ताणलेले कान हे अबाबुआ योद्ध्यांचे लक्षण मानले जाई. या मुखवट्यांचा संबंध युद्धाशी जोडला जातो : लढाईपूर्वी योद्ध्यांना बळ देणे, शत्रूला धाक घालणे, विजयाचा उत्सव करणे. त्यांची 'पोंगडुडू' आणि 'क्पोंगाडोंबा' अशी नावे नोंदलेली आहेत. दुसऱ्या नावाच्या आरंभीचा 'क्प' वाचकाने वर वर्णन केल्याप्रमाणे उच्चारून पाहावा.

युद्धेच थांबल्यावर या मुखवट्यांचा उपयोग उरला नाही आणि जे होते ते युरोपात गेले. ब्रसेल्सजवळच्या तेर्व्यूरेन येथील संग्रहालयात ऊएलेच्या वस्तूंचा मोठा साठा आहे. तो जमवण्यात आर्माँ युतेरो या बेल्जियन अधिकाऱ्याच्या मोहिमेचा मोठा वाटा होता. १९११ नंतरच्या सुमारे दोन वर्षांत त्याने ऊएलेच्या खोऱ्यातून वस्तू गोळा केल्या, छायाचित्रे घेतली आणि मेणाच्या नळकांड्यांवर गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच १९११ साली अबाबुआंवरचा जाडजूड ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता जोझेफ हाल्किन हा भूगोलाचा प्राध्यापक होता आणि त्याला वसाहतीतील अधिकारी एर्नेस्ट व्हिएन याने साहाय्य केले होते. ज्या मालिकेत तो निघाला तिची पद्धत अशी, की एक ठरावीक प्रश्नावली काँगोतील अधिकारी, सैनिक आणि मिशनरी यांच्याकडून भरून घ्यायची, प्रवाशांच्या लेखनातील उतारे त्या त्या प्रश्नाखाली चिकटवायचे, आणि एका समाजाचे एक पुस्तक तयार करायचे. खाणे, कपडे, लग्न, शिक्षा, देवधर्म असे सर्व कप्प्यांत बसवलेले. माहितीची खाण म्हणून असे ग्रंथ अजून उपयोगी आहेत. पण कप्पे आधी ठरले होते आणि उत्तरे त्यांत नंतर भरली गेली, शिवाय उत्तरे देणारे बहुतेक लोक तेथे कर गोळा करायला किंवा बंदोबस्ताला गेलेले होते. 'नरभक्षक' हा शिक्का त्या काळच्या लेखनात उत्तर काँगोतील जवळपास प्रत्येक समाजावर मारलेला दिसतो, आणि त्याच समाजांना 'सुधारण्यासाठी' म्हणून सैन्य पाठवले जात होते, हे ध्यानात घेऊनच ती पाने वाचावीत.

रबर, कापूस, रेल्वे

१८८५ ते १९०८ या काळात काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या व्यक्तिगत मालकीखालचा 'स्वतंत्र राज्य' म्हणवणारा प्रदेश होता. १८९१ साली व्हान केरखोव्हन याच्या मोहिमेने ऊएलेचे खोरे त्या राज्याला जोडण्याचे काम सुरू केले. हा भाग सरकारच्या थेट खासगी मुलखात धरला गेला, म्हणजे येथील हस्तिदंत आणि रबर हे राज्याचेच मानले गेले आणि लोकांनी ते करापोटी आणून द्यावे असा नियम झाला. शिवाय सैन्याच्या तांड्यांसाठी हमाल आणि अन्न पुरवायचे. अबाबुआंनी याला सशस्त्र विरोध केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे उठाव झाले आणि ते बळाने मोडले गेले. राजधानी नसल्याचा फायदा येथे संपला, कारण नव्या सत्तेला राजा जिंकायचा नव्हता. तिला प्रत्येक गावातून ठरलेले वजन हवे होते.

१९०८ साली बेल्जियमने हा प्रदेश वसाहत म्हणून ताब्यात घेतल्यावर १९१० च्या आदेशाने प्रत्येक माणसाला कोणत्या तरी सरदारकीत नोंदवण्यात आले. जेथे वंशपरंपरागत सरदार होते तेथे हे सोपे गेले. अबाबुआंमध्ये मात्र ज्याला सरकारने सरदार नेमले तो सरदार ठरला, ज्या गटाला नाव मिळाले तो गट कायमचा झाला, आणि पूर्वी गरजेनुसार जुळणारी-तुटणारी नाती कागदावर गोठली. माझ्या दृष्टीने या समाजाच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत दूरगामी घटना आहे, जरी ती उठावांइतकी नाट्यमय नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापसाची सक्तीची लागवड आली. प्रत्येक कुटुंबाने ठरलेल्या क्षेत्रात कापूस लावायचा आणि ठरलेल्या कंपनीलाच ठरलेल्या भावाने विकायचा. बाम्बेसा येथे कापसाचे संशोधन केंद्र उभे राहिले. माल नेण्यासाठी इतिम्बिरी नदीवरच्या आकेती बंदरापासून अवघ्या ६०० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर रेल्वे बांधण्यात आली; बुटा आणि आजच्या इसिरो शहरावरून ती १९३७ साली मुंगबेरेपर्यंत पोहोचली, आणि एक फाटा बोंडोकडे गेला. या रेल्वेने अबाबुआंच्या मुलखाच्या मधोमध अशी गावे वसवली, जिथे मजूर, कारकून, व्यापारी नाना भाषांचे होते.

आजची बोली

या गावांत एकमेकांशी बोलायला जी भाषा लागली ती लिंगाला, किंवा तिचेच उत्तर काँगोत रुजलेले 'बांगाला' हे सोपे रूप. काँगो नदीवरच्या व्यापारातून आणि वसाहतीच्या सैन्यातून ती पसरली होती. बेल्जियममधील तोंगेर्लोच्या मठातून १८९८ पासून ऊएलेमध्ये आलेल्या प्रेमोंत्रे पंथाच्या कॅथलिक मिशनऱ्यांनाही दहा भाषांत प्रवचन देण्यापेक्षा एका सामायिक भाषेत देणे सोयीचे होते. स्वातंत्र्यानंतर लिंगाला ही देशाच्या चार राष्ट्रीय भाषांपैकी एक ठरली. इतर तीन म्हणजे स्वाहिली, किकाँगो आणि चिलुबा, आणि राज्यकारभाराची भाषा फ्रेंचच राहिली. या व्यवस्थेत ब्वा भाषेच्या वाट्याला घर, शेत, नातेवाईक आणि गावची पंचायत एवढे क्षेत्र उरते. बाजारात लिंगाला, कचेरीत फ्रेंच, घरी ब्वा असे तीन मजले एका माणसाच्या दिवसात असतात.

१९९०च्या दशकातील अंदाजानुसार ब्वा भाषकांची संख्या सुमारे दोन लाख होती. काँगोच्या मानाने हा आकडा अगदी लहान नाही, आणि भाषा उद्या नाहीशी होईल असे त्यातून म्हणता येत नाही. पण १९६४-६५ मधील सिंबा बंडाने बुटा आणि परिसर होरपळला, त्यानंतर कापसाचा धंदा कोसळला, रेल्वे बंद पडली, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या युद्धांनी रस्तेही उरले नाहीत. या एकाकीपणाचे भाषेवर दोन उलट परिणाम होतात. गावे तुटल्यामुळे घरची भाषा टिकते. पण शिकलेली तरुण मंडळी कामासाठी किसांगानी शहरात किंवा त्याहून दूर जातात आणि त्यांची मुले लिंगाला किंवा स्वाहिलीत वाढतात. २०१७ च्या मे महिन्यात आकेती तालुक्यातील लिकाती भागात इबोलाची साथ आढळली, तेव्हा तिथवर पथके पोहोचवायला हेलिकॉप्टर आणि मोटारसायकली वापराव्या लागल्या. साथ दोन महिन्यांच्या आत आटोक्यात आली, आणि तिचा फैलाव मर्यादित राहण्याचे एक कारण हा दुर्गमपणाच होता, असे तेव्हा सांगितले गेले.

ब्वा भाषा लिहायची म्हटले तर तांत्रिक प्रश्न उभे राहतात, आणि ते या पट्ट्यातल्या सर्वच भाषांना पडले आहेत. रोमन लिपीत पाच स्वरचिन्हे आहेत. जुन्या बांटू भाषेत सात स्वर होते असे मानले जाते आणि पूर्वेकडच्या लिको भाषेत तर नऊ स्वर आहेत. त्यामुळे जादा स्वरांसाठी नवी चिन्हे घ्यावी लागतात. सूर दाखवायचे तर प्रत्येक स्वरावर खुणा येतात आणि लिहिणारा कंटाळतो; न दाखवावे तर वाचणारा अडखळतो. यावर अनेक ठिकाणी स्वीकारलेली तडजोड अशी, की जिथे सुरामुळे व्याकरण बदलते, उदाहरणार्थ क्रियापदाचा काळ, तिथे खूण द्यायची आणि एरवी संदर्भावर सोडायचे. 'क्प' आणि 'ग्ब' मात्र दोन अक्षरे शेजारी ठेवून सहज लिहिता येतात, आणि मिशनऱ्यांच्या काळापासून ते तसेच लिहिले जात आहेत.